‘बंदुकीला बाळ म्हणता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सोमवारी रात्री वाचली आणि उत्तर लिहायला शनिवार उजाडला, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. दोन ओळी खरडून मोकळं व्हावं अशी ती प्रतिक्रिया नव्हती.

आजवर माझ्याकडे राहिलेल्या बंदुकांवरच्या लेखात मी लिहिलं होतं, की पहिली रायफल मी तान्ह्या बाळासारखी सांभाळली. त्यावर तुम्ही लिहिलंत, की २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तुमचे थोरले भाऊ सीएसटीवर गाडीची वाट बघत उभे होते. गोळी मांडीतून गेली, ते वाचले. पण दिवाळीत साधी लवंगी वाजली तरी आजही खोलीचं दार लावून बसतात. ज्या घराने हे पाहिलंय, तिथे बसून ‘बाळासारखी’ हा शब्द वाचवला नाही, असं तुम्ही म्हणालात. शिवाय विचारलंत, की ही श्रीमंतांची हौस नाही तर काय, आणि उद्या नातीच्या हातात द्याल का?

शब्द चुकला, ताई. तुमचं म्हणणं वाचल्यावर मी तो परत परत वाचून पाहिला आणि मलाही तो लागला.

खरं म्हणजे आमच्या घरात त्या रायफलीला बाळासारखं कोणी वागवतच नव्हतं. १९७९ साली गिरगावातल्या चाळीत ती आली. साधी एअर रायफल, नळी वाकवून छर्रा भरायची, आत जाड स्प्रिंग. वडिलांची अट अशी, की रायफल माझ्या खाटेखाली आणि छर्रे आईच्या फडताळात, तिच्या ताब्यात. छर्ऱ्यांची डबी फक्त रविवारी मिळायची, नेमबाजीच्या क्लबात जाताना, आणि परत आल्यावर उरलेले मोजून द्यायचे. बाकीचे सहा दिवस भिंतीवर पेन्सिलीने टिंब काढून रिकामी रायफल नुसती धरून उभा राहायचो. घोडासुद्धा ओढायचा नाही, कारण छर्रा नसताना स्प्रिंग सुटली की आतलं वॉशर मार खातं. अर्धा तास असं उभं राहिलं की डावा खांदा भरून यायचा. मी सांभाळायला शिकलो ते तिथे, त्या मोजलेल्या छर्ऱ्यांत. लेखात लिहायला हवं होतं ते हे.

१९९१ मध्ये क्लबातल्या एका ज्येष्ठांकडून जुनी फाइनवेर्कबाऊ ३०० एस ही जर्मन एअर रायफल घेतली. छर्रा सुटताना तिचा वरचा भाग रुळांवरून जरासा मागे सरकतो, त्यामुळे धक्का खांद्यापर्यंत पोचतच नाही. दहा मीटरवरच्या निशाण्याच्या कार्डावर दहा गुणांचं टिंब अर्ध्या मिलिमीटरचं, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे टिंबापेक्षा छर्राच नऊपट रुंद.

पुढे रीतसर परवाना काढून पॉइंट टू टूची अन्शुट्झ ही जर्मन रायफल घेतली आणि वरळीच्या रेंजवर ५० मीटर सुरू केलं, झोपून. समुद्र शेजारीच, वारा कधी फिरेल त्याचा नेम नाही. स्लिंग, म्हणजे रायफलीचा पट्टा, दंडाला आवळून झोपलं, की दंडातली नाडी साइटमध्ये दिसते. नळीच्या टोकावरच्या कड्यात धरलेलं कार्डावरचं काळं वर्तुळ दर ठोक्याला केसभर हलतं आणि परत जागेवर बसतं. ते बसतं तेवढ्यात घोडा ओढायचा. घरी भांडण करून आलेल्या दिवशी ते बसतच नाही. कार्डावर भोकं विखुरतात, आणि ते कार्ड कोणापासून लपवता येत नाही. त्या दोन ठोक्यांमधल्या फटीसाठी मी इतकी वर्षं रविवारी पहाटे उठलो. तुमच्या भावांनी त्या रात्री जो आवाज ऐकला, त्याच्याशी याचं काही नातं आहे असं मला कधी वाटलं नाही. पण त्यांना तसं वाटणं चूक आहे असं सांगण्याचा मला काय अधिकार?

एक हत्यार मात्र मी लेखातून गाळलं होतं. वडील एका पेढीची रोकड बँकेत न्यायचे, त्यासाठी त्यांच्याकडे पॉइंट थ्री टूचं रिव्हॉल्व्हर होतं. वडील गेल्यावर ते कायदेशीररीत्या माझ्या परवान्यावर आलं आणि लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये पडून राहिलं. १९९८ च्या मे महिन्यात एका दुपारी मी लवकर घरी आलो, तर माझी सहा वर्षांची मुलगी स्टुलावर उभी, लॉकर उघडा, आणि तिचा हात त्या फडक्याच्या गुंडाळीवर. किल्ली साड्यांच्या घडीत असते हे तिला माहीत होतं. ‘बाबा, हे आजोबांचं ना?’ एवढंच तिने विचारलं. काडतुसं दुसऱ्या कपाटात होती. तरी त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्याच आठवड्यात परवानाधारक दुकानदाराकडे ते देऊन टाकलं आणि परवान्यावरची नोंद रद्द करून घेतली. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरलं (मान्यताप्राप्त खेळाडूंना वेगळी सवलत आहे), तेव्हा क्लबात बरेच जण चिडले होते. मला तो बदल पटला, तो त्या स्टुलामुळे.

पैशाचं म्हणाल तर ते निम्मं खरं आहे. परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते आणि काडतूस एकदाच वापरता येतं. पण नेमबाज अंजली भागवत एनसीसीतून आल्या. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता.

आता नातीचं. ती अकरा वर्षांची आहे आणि तीन महिने माझ्याबरोबर रेंजवर येते. अजून एकही छर्रा तिने मारलेला नाही. रायफल रिकामी आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून नळीत आरपार एक भडक नारिंगी दोरी घालून ठेवतात. ती दोरी घालणं आणि दोन्ही टोकं बाहेर दिसतात ना हे बघणं, एवढंच काम तिच्याकडे आहे. कोणी दोरी न घालता रायफल टेबलावर ठेवली, तर ती मोठ्या माणसांनाही टोकते. घरी येण्याआधी साबणाने हात धुवायला मलाच आठवण करते, कारण छर्रे शिशाचे असतात.

मूळ लेखातलं ‘बाळासारखी’चं वाक्य मी आज काढलं आहे. त्या जागी फडताळातल्या छर्ऱ्यांचं लिहिलंय, आणि शेवटी रिव्हॉल्व्हरचा परिच्छेद घातला आहे. लेखासोबत कार्डावर गोळी लागतानाची एक चित्रफीत होती, आवाजासकट, लेख उघडताच सुरू होणारी. तीही काढून टाकली. तुमच्या भावांना माझा नमस्कार सांगा.