पर्ल हार्बरचे खलाशी गाफील होते का?

नमस्कार,

पर्ल हार्बरवरच्या माझ्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की, हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपाननं हल्ला केला, तेव्हा तिथले खलाशी रविवारच्या सुट्टीत गाफील होते, इशारे मिळूनही कोणी हललं नाही, आणि मी त्या हलगर्जीपणाला शौर्याचा मुलामा दिला. शिवाय म्हाताऱ्या खलाशांच्या आठवणींवर इतिहास लिहू नये, असंही तुम्ही म्हणता.

इशारे मिळाले हे खरं. पण कोणाला? ७ डिसेंबर १९४१ला पहाटे पावणेसातच्या सुमारास ‘वॉर्ड’ या विनाशिकेनं बंदराच्या तोंडाशी छोटी जपानी पाणबुडी बुडवली आणि तसं कळवलंही. ७:०२ला हवाईतल्याच ओपाना इथल्या रडारवर विमानांचा मोठा ताफा दिसला. तो पाहणारे दोघे लष्कराचे जवान होते. त्यांनी कळवल्यावर अधिकाऱ्याला वाटलं, आपलीच बी-१७ बॉम्बफेकी विमानं येत असतील. यातलं अक्षरही युद्धनौकांवर पोचलं नाही. ‘नेवाडा’ या युद्धनौकेचं बँडपथक आठच्या ध्वजवंदनासाठी डेकवर उभं होतं, तेव्हा विमानं डोक्यावर आली. ‘कॅलिफोर्निया’ या दुसऱ्या युद्धनौकेच्या तळाकडच्या कप्प्यांची झाकणं तपासणीसाठी उघडी होती, म्हणून पाणी आत पसरत गेलं. अशी झाकणं कधी उघडायची, दारूगोळा कुलपात ठेवायचा की तोफेजवळ, हे साधा खलाशी ठरवत नाही.

आता शौर्य. ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेचं पुढचं दारूगोळा कोठार उडालं. त्या जहाजावरची १,१७७ माणसं गेली. वरच्या मचाणावर भाजलेले सहा जण अडकले होते. शेजारी बांधलेल्या ‘व्हेस्टल’ या दुरुस्ती-जहाजाला तिथून निघायचं होतं, दोन्ही जहाजांना जोडणारे दोर तोडायचा हुकूम झाला होता. तरी तिथल्या जो जॉर्ज या खलाशानं त्यांच्याकडे दोरी फेकली. सोललेल्या हातांनी, खाली पेटलेलं तेल असताना, ते सहाही जण दोरीवरून पलीकडे आले. दोघे नंतर दगावले. जॉर्जला पदक मिळालं ते २०१७ साली, मरणोत्तर. मुलामा द्यायचाच असता, तर तो नौदलानं इतकी वर्षं थांबून दिला नसता.

आणि आठवणी? ‘ओक्लाहोमा’ ही युद्धनौका उलटल्यावर आत अडकलेले पोलादावर ठोकत राहिले. गोदीतल्या कामगारांनी तळ कापून ३२ जणांना बाहेर काढलं. ही संख्या नोंदींत सापडते. अंधारात, चढत्या पाण्यात ते तास कसे गेले, हे त्यांच्याकडूनच ऐकावं लागतं. त्यांच्याकडून वेळ चुकेल, क्रमही मागेपुढे होईल. तेवढं ताडून घेणं लिहिणाऱ्याचं काम, आणि ते मी केलं आहे.

दोष शोधायचा तर तिथल्या नौदलाचे प्रमुख ॲडमिरल किमेल, हवाईतल्या लष्कराचे प्रमुख जनरल शॉर्ट आणि वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत शोधा. वॉशिंग्टनहून नौदलाला आलेल्या २७ नोव्हेंबरच्या युद्ध-इशाऱ्यात फिलिपिन्स, थायलंड, बोर्निओ यांची नावं होती, हवाईचं नव्हतं. या वादात तुमच्या बाजूनंही बरंच बोलता येईल, आणि त्यावर तुम्ही सविस्तर लिहावं असं मला मनापासून वाटतं. ‘झोपलेले खलाशी’ हे मात्र मला मान्य नाही.