लिंकांमधली फट ब्राउझरची नाही, आपल्याच एंटरची आहे

वेब डिझाइन शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: "मेन्यूतल्या लिंकांमध्ये ब्राउझर आपणहून ४ पिक्सेलची फट सोडतात. हा बग आहे आणि प्रत्येक ब्राउझरचा वेगळा. लिंकांना उणे ४ पिक्सेल मार्जिन द्या (म्हणजे बाहेरची जागा उणे करून त्या जवळ ओढा), नाहीतर सरळ सगळीकडे फ्लेक्स (डबे ओळीत मांडायची पद्धत) लावा." नवी मुलं यावर विश्वास ठेवून दिवस घालवतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

बग? मुळीच नाही. तुम्ही 'मुखपृष्ठ'ची लिंक लिहिली, एंटर मारला, चार स्पेस सोडून 'संपर्क'ची लिंक लिहिली. ब्राउझरने तो एंटर आणि चार स्पेस मिळून एकच स्पेस केला. परिच्छेदात दोन शब्द सुटे राहतात तेही याच नियमाने, आणि इनलाइन, म्हणजे ओळीतच वाहणारी, लिंक ब्राउझरच्या लेखी शब्दासारखीच. दोन्ही लिंकांचे टॅग (कोनी कंसातल्या खुणा) एका ओळीत चिकटवून लिहून बघा, फट जाते.

मग ४ हा आकडा आला कुठून? टाइम्स न्यू रोमन या फॉन्टमधला स्पेस अक्षराच्या मापाच्या पाव असतो. १६ पिक्सेलला बरोबर ४. एरियलमध्ये तोच साधारण ४.४ होतो, कुरिअर न्यूमध्ये ९.६. ज्या मशीनवर तुमचा फॉन्टच नाही, तिथे दुसरा फॉन्ट येतो आणि फट बदलते. 'ब्राउझरचा फरक' म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. एका कामात आमच्या रंगीत बटणांमधून केसाएवढी पांढरी रेघ डोकवायची. आम्ही तीन दिवस ब्राउझर बदलत बसलो. उणे ४ एरियलला पुरत नव्हतं, एवढंच कारण निघालं.

"लॅपटॉपवर फट होती, सर्व्हरवर चढवल्यावर गेली" हेही ब्राउझरच्या माथी मारतात. रिअॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत दोन टॅगांमधला एंटर टिकत नाही, साध्या एचटीएमएलमध्ये टिकतो. काही मिनिफायर, म्हणजे कोड आटोपशीर करणारी साधनं, तो काढून टाकतात. एंटरच उरला नाही की उणे मार्जिनमुळे लिंका एकमेकींवर चढतात. म्हणून आधी ब्राउझरपर्यंत नेमकं काय पोचलं ते उघडून बघा.

फट घालवायला बाहेरच्या डब्याला फॉन्ट-साइज शून्य देणारेही आहेत. आतली 'एम'मधली (फॉन्ट-साइजच्या पटीतली) मापं मग शून्यावर येतात.

फ्लेक्सचा सल्ला मात्र अर्धा बरोबर आहे. मेन्यूला तो लावाच: त्यात टॅगांमधले नुसते स्पेस उमटत नाहीत, आणि फ्लेक्समधला गॅप (डब्यांमधलं अंतर ठरवणारी सोय) फायरफॉक्समध्ये २०१८ पासून, क्रोममध्ये २०२० पासून, सफारीत २०२१ पासून चालतो. पण परिच्छेदाला फ्लेक्स लावला, तर 'अर्ज इथे भरा' यातल्या 'इथे'च्या लिंकमुळे वाक्याचे तीन वेगळे डबे होतात, कडेचे स्पेस गळतात आणि वाचणाऱ्याला 'अर्जइथेभरा' दिसतं. तिथे साधा स्पेसच हवा, आणि तोही लिंकच्या टॅगाबाहेर. आत राहिला तर अधोरेखा शब्दाच्या पुढे लांबते.