दर उन्हाळ्यात गाडीच्या एसीत गॅस भरायची गरज नाही

‘उन्हाळ्याआधी दरवर्षी एसीचा गॅस भरून घ्या’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी होज (नळ्या), ओ-रिंग (जोडातल्या गोल रबरी चकत्या) यांतून किंचित झिरपतो खरा. पण वर्षभरातच गारवा गेला तर गळती शोधा, नाहीतर भरलेला गॅसही उडणार. नळ्यांच्या जोडापाशी धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, तर बहुधा तीच जागा. अंदाजाने ‘थोडा जास्तच’ भरणं तर आणखी वाईट: दाब वाढतो, गारवा उलट घटतो, गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरवर ताण येतो. गॅस नेमका किती ग्रॅम भरायचा, ते सहसा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. हवेचा झोतच मंद असेल तर आधी केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) काढून बघा. सिग्नलला गारवा जातो आणि गाडी पळाली की येतो? मग कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा तपासा.