आश्रमशाळेला भेट द्यायला निघालात?

डिसेंबर उजाडला की शहरातल्या माणसाला दोन गोष्टींची हुक्की येते, हुरड्याची आणि समाजसेवेची. हुरड्याचं ज्याचं तो बघून घेतो. समाजसेवेला मात्र पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यासारखी सोयीची जागा नाही. पहाटे मुंबई सोडावी, आदिवासी मुलांच्या एखाद्या आश्रमशाळेत जगाचं भलं करावं, वाटेत दाभोशाचा धबधबा बघावा आणि रात्री जेवायला घरी.

वार रविवारच धरा. निवासी शाळेत रविवारी कपडे धुणं, न्हाणं, पाड्यावरून भेटायला आलेल्या आईशी ओट्यावर बसून बोलणं असली फुटकळ कामं असतात. ती पुढच्या रविवारी होतील. तुम्हाला उशीर होणारच, तेव्हा मुलांना दहापासून रांगेत बसवून ठेवा, असा निरोप अधीक्षकांना आदल्या दिवशीच धाडा. स्वागतगीत तयारच असतं, ते साहेबांसाठीही चालतं आणि तुमच्यासाठीही.

भाषणाला विषय पाणीबचतीचा घ्या. हातात बाटलीबंद पाणी असू द्या, घसा कोरडा पडतो. मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे. ते 2014 साली सुरू झालं, त्याचं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये इथल्या पाड्यांवर टँकर येतो. अशा मुलांना पाण्याचं मोल कुणीतरी समजावून सांगायलाच हवं, आणि घरी तीन बाथरूम असलेल्या माणसाइतका त्या विषयातला अधिकारी दुसरा कोण?

मग विचारा, ‘‘मोठेपणी कोण होणार?’’ निम्मी पोरं म्हणतील, पोलीस. इथे किंचित निराश दिसा. तुम्हाला कलेक्टर हवा होता, व्हिडिओत बरा दिसतो. पण कलेक्टर पोरांनी लांबून, गाडीत पाहिलेला असतो. शाळेतून शिकून गेलेला पोलीस मात्र होळीला पाड्यावर येतो, नवी मोटरसायकल घेऊन. भरतीला सोळाशे मीटर धावावं लागतं हेही त्यानंच सांगितलेलं असतं आणि मैदान शाळेपुढेच आहे. पोरांनी हिशोब करून ठेवलाय. तुम्ही ‘मोठी स्वप्नं पाहा’ म्हणा आणि पुढे सरका.

दहावीच्या गणिताचे सर दिसले नाहीत, तर चौकशी करू नका. ते रोजंदारीवर असू शकतात आणि कायम करण्याच्या मागणीसाठी नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बसलेले असू शकतात. तुमच्यात एखादा इंजिनियर असेलच. त्यानं अर्ध्या तासात वैदिक गणित शिकवून टाकावं. मार्चमधल्या परीक्षेत ते येत नाही, पण टाळ्या भरपूर पडतात.

निसर्गाची ओळख हा कार्यक्रम तर हवाच. झाडांची नावं सांगणारं ॲप मोबाइलवर उघडा आणि पोरांना आवाराबाहेर न्या. शेवळाच्या रानभाजीत काकडं ही आंबट फळं घातली नाहीत तर घसा खाजतो, कोळूची भाजी कुठल्या पावसानंतर उगवते, हे आठवीतल्या पोरीला पाठ असेल. बोलू देऊ नका, ॲप सर्व्हर शोधत असतं. परतल्यावर तारपा नाचाची फर्माईश करा. तारपा भाताच्या कापणीचा असला, तरी ते एकदा तुमच्यासाठी ऋतू बदलून घेतील. भिंतीवरच्या वारली चित्रांसमोर ग्रुप फोटो विसरू नका. चित्रं ठेकेदारानं काढलेली आहेत, पण फोटोत कळत नाही.

आता वाटप. साबण, तेल यांचे पैसे 2017 पासून थेट बँक खात्यात जमा होतात, ही सरकारची पारदर्शक व्यवस्था. बँक तालुक्याला. आईबाप दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर. त्यामुळे खात्यात पैसे आणि बादलीत नुसतं पाणी, अशी थोडी आध्यात्मिक अवस्था असते. तुम्ही साबण आणाल तर मात्र फसाल. साबणाचा फोटो निघत नाही. ब्लँकेट आणा. गेल्या रविवारच्या मंडळींनीही ब्लँकेटच दिली असतील. ती वर्गाच्या कोपऱ्यात वळकटी करून ठेवलेली दिसतील. वर्गातच का, असा प्रश्न पडू देऊ नका. जिथे दिवसा नववीचं बीजगणित चालतं, तिथेच रात्री नववीच्या मुली झोपतात. जागेचा इतका काटकसरी वापर तुमच्या वास्तुविशारदालाही सुचला नसता.

मुलींच्या न्हाणीघराकडे जायचं नाही. मुख्याध्यापकही तिकडे नेत नाहीत, तुम्ही पाहुणे.

निघताना अभिप्राय वही पुढे येईल. ‘स्वच्छ परिसर, गुणी विद्यार्थी, तळमळीचे शिक्षक’ एवढं लिहा, वरचे सगळे अभिप्रायही तेच म्हणतात. गाडीत बसता बसता अधीक्षिकाबाई काच वाजवतील. ‘‘सर, तुमच्या ओळखीत कुणी प्लंबर आहे का? पाणी तापवायचा सोलर दोन वर्षं बंद आहे. इकडे दुरुस्तीला कुणी येतच नाही. पोरी थंडीत गार पाण्यानं न्हातात.’’ गोंधळू नका. ‘‘बघतो ना, मॅडम, व्हॉट्सॲप करा,’’ म्हणा आणि नंबर द्या. खोटा देऊ नका, त्या तिथेच मिस्ड कॉल देऊन बघतात. खरा द्या. नंतर म्यूट करता येतो.