उभ्या गाडीचा गुन्हा

परवा संध्याकाळी माझ्या उभ्या असलेल्या गाडीने मागे येणाऱ्या एका गाडीला धडक दिली. हे वाक्य माझे नाही. ते मी आजवर कधीही न पाहिलेल्या, आणि पुन्हा कधी दिसू नयेत अशी माझी मनापासून इच्छा असलेल्या एका गृहस्थांचे आहे. ते त्यांनी इतक्या ठामपणे उच्चारले की भोवती जमलेल्या सात-आठ जणांपैकी एकालाही त्यात काही खटकले नाही.

घडले ते इतकेच. वाहनतळातून बाहेर पडणाऱ्या रांगेत मी थांबलो होतो. पाय ब्रेकवर होता, हँडब्रेक मात्र ओढलेला नव्हता, आणि हा तपशील मी प्रामाणिकपणे कुणाला तरी सांगितला ही त्या संध्याकाळची माझी दुसरी चूक. डाव्या बाजूच्या जागेतून एक गाडी उलटी बाहेर येऊ लागली, येतच राहिली, आणि माझ्या पुढच्या बंपरच्या कोपऱ्याला घासून कर्रर्र असा आवाज करून थांबली. हॉर्नपर्यंत माझा हात पोहोचला होता, पण तो दाबला जाण्याआधीच काम झाले होते.

पहिली चूक मी गाडीतून उतरताक्षणी केली. मी "सॉरी" म्हणालो.

हे मी का म्हणालो, याचा मी तीन दिवस विचार करतो आहे. मला ती सवय आहे. गर्दीत कुणी माझ्या पायावर पाय दिला तरी सॉरी मीच म्हणतो, आणि काचेच्या एका दाराला धडकून मी त्या दारालाही सॉरी म्हटल्याचे घरच्यांनी पाहिलेले आहे. पण रस्त्यावर या शब्दाला शिष्टाचाराचा अर्थ उरत नाही, तो कबुलीजबाब होतो. समोरच्या गाडीतून उतरलेल्या तरुणाचा चेहरा आधी चांगलाच पांढरा पडला होता. माझा तो शब्द कानी पडताच त्याच्या गालांवर रंग परत येताना मी स्वतः पाहिला. "काका," तो म्हणाला, आणि त्या संबोधनानेच अर्धा खटला मी हरलो, "तुम्ही थोडे पुढे आलात ना?"

कॅनडातील लोक ऊठसूट सॉरी म्हणतात असे जगभर गमतीने म्हटले जाते, आणि तेथे या विषयावर चक्क कायदे करावे लागले आहेत. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2006 मध्ये आणि ओंटारिओने 2009 मध्ये असा कायदा केला की कुणी माफी मागितली म्हणून त्याने दोष कबूल केला असे न्यायालयाने धरू नये. माझ्यासारख्या माणसांचा ज्यांनी इतका खोलवर विचार केला, त्या आमदारांना मी मनोमन नमस्कार केला. दुर्दैवाने माझा खटला त्या न्यायालयांत नव्हता. तो माझ्या गाडीच्या बॉनेटवर चालणार होता.

कारण एवढ्यात ते गृहस्थ आले. वय सत्तरीच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेने, आणि चालण्यात ज्याची सर्वजण वाट पाहत आहेत अशा माणसाची संथ खात्री. त्यांनी दोन्ही गाड्यांभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, वाकून बंपर पाहिला, बोटाने जमिनीवरची धूळ तपासली आणि मग विचारले, "सुरुवात कुणी केली?"

मी म्हणालो, "काका, माझी गाडी उभी होती."

"ते मी ठरवीन," ते म्हणाले.

"आपण पाहिलंत का?"

"पाहिलं नाही. माझी पाठ होती," हे त्यांनी एखाद्या पदवीचा उल्लेख करावा तसे सांगितले. "पाहणाऱ्याचे डोळे फसतात. मी ऐकलं आहे. आधी ठक्, मग कर्र. ठक् हा पुढे येणाऱ्या गाडीचा आवाज असतो. मागे येणारी गाडी ठक् करत नाही."

तरुणाने मान डोलावली. त्याला हे आवाजाचे शास्त्र तत्काळ पटले होते.

"शिवाय काच फुटल्याचाही आवाज आला," गृहस्थ पुढे म्हणाले. दोन्ही गाड्यांच्या काचा, दिवे, आरसे सर्व जागच्या जागी शाबूत होते. हे मी निदर्शनास आणून दिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिले की एखादी काच आपणच लपवली असावी असे मला क्षणभर वाटले.

मग त्यांनी प्रात्यक्षिक मांडले. खिशातून चष्म्याचे घर काढले, पत्र्याचे, कोपरे झिजलेले, आणि ते माझ्या बॉनेटवर ठेवून म्हणाले, "ही तुमची गाडी." दुसऱ्या खिशातून औषधाच्या गोळ्यांची डबी निघाली, सात वारांची सात झाकणे असलेली. ही तरुणाची गाडी. रविवार म्हणजे पुढची बाजू, सोमवार म्हणजे डिकी. मंगळवारच्या कप्प्यात दोन पिवळ्या गोळ्या खुळखुळत होत्या. जमलेली मंडळी जवळ सरकली. गृहस्थांनी डबी सोमवारच्या बाजूने हळूहळू मागे आणली आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने चष्म्याचे घर पुढे ढकलले. ठक्.

"बघा," ते म्हणाले.

"अहो, पण तुम्ही माझी गाडी हलवलीत!"

"मग आदळणार कशी?"

"ती आदळलीच नाही. डबी येऊन तिच्यावर आदळली."

त्यांनी पुन्हा करून दाखवले. पुन्हा चष्म्याचे घर पुढे आले. तिसऱ्या वेळी मी त्यावर बोट दाबून धरले, तर ते रागावून म्हणाले की अशी जबरदस्ती केली तर प्रयोगाला अर्थच राहत नाही. गर्दीतून कुणीतरी "काकांना करू द्या की" असे म्हटले. मी बोट काढले. चौथी ठक् झाली.

एवढ्यात मला वाटले, पुरावा सापडला. तरुणाच्या गाडीत डॅशकॅम होता. तो फक्त पुढचे टिपणारा होता हे खरे, पण त्याची गाडी मागे येत होती म्हणजे चित्रणात समोरची भिंत दूर जाताना दिसणार. त्याने ते लगेच मोबाइलवर दाखवले. भिंत खरोखरच दूर जात होती, संथपणे, आणि शेवटी एक हिसका बसून थांबली. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिले. "मी मागे येत होतो हे मी नाकारतच नाहीये, काका," तरुण समजुतीच्या सुरात म्हणाला. "पण यात तुमची गाडी उभी असल्याचं कुठे दिसतंय?" ती कोठेच दिसत नव्हती. उभे राहण्याचा पुरावा उरत नाही, ही त्या क्रियेतील मोठी उणीव आहे. चालणाऱ्या गाडीच्या मागे खुणा राहतात, उभ्या गाडीच्या मागे फक्त तिच्या मालकाचा शब्द राहतो.

खरे सांगायचे तर एक शब्द आणखी होता. माझ्या मागच्या गाडीतील बाईंनी सर्व काही समोरून पाहिले होते. मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी काच चार बोटे खाली केली, "हो, त्याचीच चूक, पण मला घाई आहे" असे म्हणाल्या आणि बाजूने गाडी काढून निघून गेल्या. ज्यांना दिसते त्यांना घाई असते आणि ज्यांची पाठ असते त्यांच्याकडे संपूर्ण संध्याकाळ मोकळी असते, याचा मला अजूनही राग आहे, आणि तो गृहस्थांपेक्षा त्या बाईंवर अधिक आहे.

"समजा," गृहस्थ आता उदार झाले होते, "समजा, तुम्ही उभे होता. का उभे होता?"

"पुढे रांग होती म्हणून."

"रांग होती हे ठीक. पण त्याच्या मागे का? दोन हात अलीकडे थांबता आलं नसतं? जो वाटेत उभा राहतो त्याची चूक नाही का?"

हा प्रश्न ऐकून मला एका गाढवाची आठवण झाली. इंग्लंडमध्ये 1842 साली एका मालकाने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून ते हमरस्त्याच्या कडेला चरायला सोडून दिले होते. तीन घोड्यांची एक मालगाडी भरधाव आली आणि गाढव तिच्याखाली मेले. गाडीवाल्याचे म्हणणे असे की गाढव तेथे असायलाच नको होते, आणि त्यात तथ्य होतेच. तरीही न्यायाधीशांनी निकाल गाढवाच्या मालकाच्या बाजूने दिला. वाटेत उभे राहणाऱ्याची चूक असली, तरी ज्याला ते टाळता येत होते त्याने टाळले पाहिजे. नाहीतर रस्त्यात झोपलेल्या माणसावरूनही गाडी नेण्याची मुभा मिळेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही शिकतात. पाय बांधलेल्या गाढवाला जो न्याय मिळाला तो ब्रेकवर पाय ठेवून बसलेल्या मला मिळावा, एवढीच माझी मागणी होती. पण हे मी मोठ्याने सांगितले असते, तर गर्दीच्या लक्षात त्यातले फक्त गाढव राहिले असते, म्हणून मी गप्प बसलो.

माझे गप्प बसणेही नोंदवले गेले. "निरुत्तर झालेत," असे मागून कुणीतरी म्हणाले.

मग निकाल लागला. साठ टक्के माझी चूक, चाळीस टक्के तरुणाची. निदान निम्मी-निम्मी तरी करा, असे मी केविलवाण्या स्वरात सुचवले (स्वतःच्या निर्दोषपणाचा सौदा पन्नास टक्क्यांवर करायला मी तयार झालो होतो, हे लिहिताना आत्ताही कसेसेच होते), तेव्हा गृहस्थ म्हणाले, "पन्नास-पन्नास हा न्याय नव्हे, ती पळवाट. शिवाय तुम्ही माफी मागितलीत. चूक नसती तर मागितली असती का?" हा मुद्दा बिनतोड होता. मी स्वतः त्या गर्दीत उभा असतो तर मलाही तो पटला असता. तरुणाने मोठ्या मनाने "जाऊ द्या काका, होतं असं" म्हणून माझा खांदा थोपटला, मला क्षमा केली आणि निघून गेला. त्याच्या बंपरवर बोटभर काळा डाग होता. माझ्या बंपरचा कोपरा आत गेला होता आणि त्याची खालची कड लोंबत होती. दोन वस्तू एकमेकींवर आदळतात तेव्हा दोघींवर सारखाच जोर लागतो, हे न्यूटनने 1687 मध्ये सांगून ठेवले आहे. कुणाचे प्लॅस्टिक आधी हार मानेल, याबद्दल मात्र तो काही बोलत नाही.

त्या रात्री सर्वांत वाईट प्रकार घडला. मी घरी हा प्रसंग तिसऱ्यांदा सांगत होतो आणि सांगता सांगता मला आठवू लागले की आपली गाडी बहुधा किंचित पुढे सरकली होती. चार बोटे असेल, पण सरकली होती. पायाखाली ब्रेक जरा सैल झाल्याचेही आठवले. हे खरे आठवत होते की पत्र्याच्या त्या घराच्या चार ठक् आठवत होत्या, हे मला आता शपथेवर सांगता येणार नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये विद्यार्थ्यांना अपघातांची चित्रफीत दाखवून गाड्यांचा वेग विचारला होता. प्रश्नात गाड्या "आदळून चक्काचूर झाल्या" असे शब्द होते त्यांनी सरासरी ताशी 40 मैलांच्या आसपास वेग सांगितला, आणि नुसता "स्पर्श झाला" असे विचारलेल्यांनी 32 च्या आसपास. चित्रफिती दोघांनाही त्याच दाखवल्या होत्या. मग दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर त्यांनी फुटलेली काच पाहिली का, असे विचारले. चक्काचूर ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जणांनी पाहिली होती, तर साध्या "धडकल्या" या शब्दाच्या गटातील 50 पैकी 7 जणांनी. चित्रफितीत फुटलेली काच मुळी नव्हतीच. म्हणजे आमचे गृहस्थ एकटे नाहीत, त्यांच्या बाजूने निदान 23 माणसे आहेत, आणि माझी स्मरणशक्तीही हळूहळू त्यांना जाऊन मिळते आहे.

विमा कंपनीच्या अर्जात "अपघात कसा घडला" या प्रश्नासाठी अडीच ओळी ठेवल्या आहेत. मी पाचदा खाडाखोड केली. "माझी गाडी उभी असताना" असे लिहिले की त्यात मला स्वतःलाच आव आणल्यासारखे वाटू लागले. भरपाई मागितली तर पुढच्या वर्षीच्या हप्त्यातली सवलत जाणार, न मागितली तर बंपर माझ्या खिशातून. म्हणजे चूक कुणाचीही असो, पैसे कुणाचे हा प्रश्न आधीच सुटलेला होता. तरीही मी अर्ज भरला, निव्वळ कुठेतरी लेखी नोंद व्हावी म्हणून.

काल सर्वेक्षक आला. तिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्याने बंपरसमोर उकिडवे बसून अर्धा मिनिट पाहिले, ओरखड्यांवरून अंगठा फिरवला आणि सहज म्हणाला, "तुम्ही उभेच होता. या रेषा बघा, बाजूने आत आल्यात. गाडी पुढे जात असती तर पुढून मागे गेल्या असत्या."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. "हे लिहाल का?" मी विचारले.

"नाही. मी नुकसान लिहितो. चूक कुणाची ते माझ्या तक्त्यात नाही." मग तो उठला आणि बॉनेटकडे वळला. तेथे मधोमध चार बारीक, समांतर, चंदेरी ओरखडे होते. "आणि हे?"

"ते चष्म्याच्या घराचे," मी म्हणालो.

त्याने मान वर केली. मी शक्य तितक्या थोडक्यात सर्व सांगितले, डबी, सोमवार, मंगळवारच्या गोळ्या, सगळे. या चार ओरखड्यांच्या बाबतीत दोषी कोण याविषयी काडीचाही संशय नव्हता, गाडी बंद होती, मी बाहेर उभा होतो, चष्म्याचे घर पुढे आले होते.

"कुणी पाहिलं?"

"सात-आठ जण समोर उभे राहून पाहत होते."

"त्यांच्यापैकी कुणी सांगेल?"

मी जरा विचार केला आणि नाही म्हणालो.

"मग जुने म्हणून लिहितो," तो म्हणाला, आणि सवयीने मी त्याला सॉरी म्हटले.