सुप्त कंदाला काहीच बाधत नाही, हा समज चुकीचा आहे

फुलझाडांच्या कंदांविषयी एक सल्ला सध्या बराच फिरतो आहे. पाने वाळली की कंद सुप्तावस्थेत जातो आणि मग त्याला काहीच बाधत नाही. म्हणून त्या काळात वाफ्यातील गवतावर खुशाल ग्लायफोसेट हे तणनाशक फवारावे, रसायन नको असेल तर मीठ घातलेले व्हिनेगर ओतावे, नाहीतर खोल खणून गवत एकदाच संपवावे, असे त्यात सांगितले जाते. यातील थोडा भाग खरा असल्यामुळेच उरलेला भाग अधिक घातक ठरतो.

पहिला मुद्दा सुप्तावस्थेचा. वर पान नसले तरी कंदाचे जीवनकार्य थांबलेले नसते. ट्युलिपची पुढच्या हंगामाची फुलकळी याच काळात कंदाच्या आत आकार घेते, तर अ‍ॅमरिलिस आणि क्रायनम यांची जाड मुळे पानांबरोबर मरत नाहीत, ती टिकून राहतात.

ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटते आणि मुळांवाटे फारसे शोषले जात नाही, हे खरे आहे. पूर्ण झाकलेल्या आणि पान नसलेल्या कंदाला त्यापासून धोका कमी असतो, हेही मान्य करायला हवे. परंतु हे औषध हिरव्या भागातून आत शिरते आणि अन्नरसाबरोबर साठवणीच्या अवयवाकडे जाते. अर्धवट पिवळे पडलेले पान नेमके त्याच वेळी आपले अन्न कंदाकडे पाठवत असते, त्यामुळे ‘आता पाने वाळतच आली आहेत’ असे म्हणून केलेली फवारणी सर्वांत वाईट वेळी होते. अ‍ॅमरिलिसच्या कंदाची मान बहुधा मातीच्या वर उघडी असते; मस्कारीची पाने फुलांच्या कितीतरी आधी, शरद ऋतूतच वर येतात; आणि रेन लिलीची पाने तर गवतासारखीच दिसतात. केवळ गवतवर्गीय तणांवर चालणारी औषधे या बाबतीत अधिक सुरक्षित असली, तरी लव्हाळ्यावर ती चालत नाहीत, कारण लव्हाळा हे खरे गवत नव्हे. त्याचा दांडा बोटांत फिरवून पाहिला तर तीन कडा स्पष्ट जाणवतात.

मीठ आणि व्हिनेगर यांचा उपाय तर मला पूर्णपणे नाकारावासा वाटतो. स्वयंपाकातील व्हिनेगरमध्ये सुमारे ५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असते. ते जिथे लागते तेवढेच पान करपते आणि हराळी जमिनीखालच्या खोडांतून पुन्हा फुटते. मीठ मात्र मातीतच राहते, पाण्याबरोबर कंदाच्या थरापर्यंत उतरते आणि नवी मुळे फुटू लागतात तेव्हा त्यांना पाणी घेऊ देत नाही.

खोल खणण्याचा परिणामही उलटाच होतो. हराळीच्या खोडाचा पेर असलेला प्रत्येक तुकडा नवे रोप होऊ शकतो, लव्हाळ्याच्या गाठी तुटून मातीत पसरतात, आणि फावड्याची जखम झालेला कंद ओल्या मातीत सहज कुजतो.

त्यापेक्षा पाने दिसत असतानाच प्रत्येक पुंजक्याभोवती काड्या रोवून जागा नक्की कराव्यात. पाने पूर्ण वाळून सहज सुटू लागली की माती किंचित ओलसर असताना खुरप्याने फक्त वरचा थर सैल करावा आणि हराळीचा धागा बोटांनी माग काढत, न तोडता ओढून घ्यावा. हे काम सावकाश होते, पण कंद शाबूत राहतात. गवत कंदांच्या मध्येच घुसले असेल, तर ट्युलिप किंवा नार्सिससचा सगळा पुंजका याच काळात उचलावा, कंदांमध्ये अडकलेली गवताची खोडे वेचून काढावीत आणि लागवडीच्या वेळी कंद स्वच्छ मातीत लावावेत. वर पालापाचोळ्याचा पातळ थर पुरतो. काळे प्लास्टिक अंथरल्यास खाली ओल आणि उष्णता कोंडते, म्हणून ते टाळावे. लव्हाळा असेल तिथे नवा कोंब दिसताच तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो, कारण गाठीतील साठा संपेपर्यंत तो फुटतच राहतो.