मारकडवाडीचं फेरमतदान झालं असतं, तरी काय सिद्ध झालं असतं?

माळशिरस मतदारसंघातल्या मारकडवाडीत गावकऱ्यांनी ईव्हीएमच्या आकड्यांवर शंका घेऊन स्वतःहून मतपत्रिकेवर फेरमतदान ठरवलं, प्रशासनाने ते थांबवलं. मग सोलापूर जिल्ह्यात हा मेसेज खूप फिरला: "मारकडवाडीला मतपत्रिकेवर मतदान घेऊ दिलं असतं, तर ईव्हीएमचा घोटाळा तिथेच उघडा पडला असता. गावाकडे दुसरा मार्गच नाही, आता प्रत्येक गावाने हेच करावं."

"उघडा पडला असता." नसता. २०२४च्या विधानसभेला त्या गावात भाजपच्या राम सातपुतेंना १,००३ आणि राष्ट्रवादीच्या (शरद पवार गट) उत्तम जानकरांना ८४३ मतं मिळाली; जानकरांना एवढी कमी कशी, ही गावाची शंका. फरक १६०चा, ८१ जण इकडचे तिकडे झाले की चित्र उलटं. फेरमतदान ठरलं ३ डिसेंबरला, निकालानंतर दहा दिवसांनी. माळशिरसमधून जानकर निवडून आलेत हे तोवर सगळ्यांना ठाऊक. मतदानापुरते गावी आलेले पुण्या-मुंबईला परतलेले, सातपुतेंच्या बाजूचे फिरकणार नाहीत, आणि मत टाकायचं ते भावकीच्या डोळ्यांदेखत. आकडा जुळो न जुळो, यंत्राबद्दल काहीच कळत नाही.

"थांबवलं, म्हणजे पाणी मुरत होतं." जमावबंदी लावणं चुकीचंच होतं, संशय त्यानेच वाढला. पण बंदी हा मतमोजणीतल्या गडबडीचा पुरावा नाही.

"दुसरा मार्गच नाही." सगळ्यात घातक वाक्य हे, कारण त्यापायी मुदती निघून जातात. मतदान संपलं की केंद्राध्यक्षाने प्रत्येक पक्षाच्या हजर प्रतिनिधीला १७-सी फॉर्मची साक्षांकित प्रत द्यायची असते. त्यात एकूण मतं, यंत्रांचे आणि सीलचे क्रमांक असतात. आपले पोरं पाचलाच उठून घरी जातात आणि प्रत तिथेच राहते. मोजणीच्या टेबलावर कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या यंत्राचा) क्रमांक आणि एकूण मतं या प्रतीशी ताडून बघायची.

आकडे जाहीर झाल्यावर, पण विजयी उमेदवार घोषित होण्याआधी, कुठलाही उमेदवार किंवा त्याचा मोजणी प्रतिनिधी ठरावीक केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (प्रत्येक मतागणिक यंत्रात छापून पडणाऱ्या) मोजण्याचा लेखी अर्ज करू शकतो. निवडणूक नियम ५६-डी. अर्ज फेटाळला तरी अधिकाऱ्याला कारण लेखी द्यावं लागतं. मारकडवाडीच्या शंकेसाठी नेमकी वाट हीच होती, आणि ती जिंकणाऱ्यालाही खुली असते.

त्यानंतरची दारं अरुंद आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४च्या निकालानुसार ५ टक्के यंत्रांची तपासणी सात दिवसांत मागता येते, पण फक्त दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, म्हणजे जानकरांना नाही. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका ४५ दिवसांत करता येते, तीही मतदारसंघातल्या कुठल्याही मतदाराला. मात्र मोजणीत चूक झाली एवढं पुरत नाही, त्यामुळे निकाल बदलला हे दाखवावं लागतं. जिंकलेल्या उमेदवाराची एका गावात १६० मतं कमी पडली, एवढ्यावर ती टिकणार नाही.